वाडग्याला हात लावायचा नाही

मास्तरांनी आयुष्यात कुणाला शिकवलेलं नाही, आणि शाळेत तेही फारसे टिकले नव्हते. ते शिंपी. कात्री चालवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, आणि एकदा चिकटलेली हाक कात्री सुटली तरी सुटत नाही. म्हणून समुद्राकडे उतरणाऱ्या त्या अरुंद गल्लीत अजून सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, जरी आता त्यांच्या खांद्यावर टेपऐवजी टेबल पुसायचं फडकं असतं आणि हातात सुईदोऱ्याऐवजी वाफाळता वाडगा.

तो वाडगा असतो फोवाल्या मावशीच्या व्हिएतनामी खाणावळीतला. गल्लीत शिरलं की आधी पोहायच्या चष्म्यांचं आणि फुगवायच्या बदकांचं दुकान लागतं, मग भाड्याच्या सायकली, मग एक दाताचा दवाखाना, ज्यात सुट्टीवर आलेलं कुणीही पाऊल ठेवत नाही, आणि त्याला लागून निळ्या दाराची ही खाणावळ. आत मोजकी टेबलं, बुटकी लाकडी स्टुलं, भिंतीवर कुरकुरणारे पंखे आणि फरशीवर कायमची वाळू. कितीही झाडा, वाळू असतेच. लोक समुद्रातून निघतात ते थेट इथे येतात, ओल्या अंगाने स्टुलावर बसतात आणि उठताना अर्धा किनारा मागे ठेवून जातात. मावशी पुष्कळ वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर व्हिएतनामहून आली. नवरा गेला, पातेलं राहिलं. ते पातेलं एवढं खोल आहे की त्यात मास्तरांना उभं केलं तर नुसतं टक्कल बाहेर दिसेल, असं मावशी म्हणते. मास्तर जास्त बोलले की प्रयोग करून बघायची तयारीही दाखवते.

पातेल्यात असतो फो. फो म्हणजे तसं पाहिलं तर सूप, पण मावशीसमोर सूप म्हणायची सोय नाही. कोंबडीची हाडं, काळा होईस्तोवर भाजलेला कांदा, आलं, दालचिनी, चक्रीफूल हे सगळं तासन्‌तास मंद आचेवर ठेवायचं, वर येणारा फेस काढत राहायचं आणि तो नितळ रस तांदळाच्या पांढऱ्या नूडल्सवर ओतायचा. वाडगा गिऱ्हाइकापुढे येतो तेव्हा त्यात जवळजवळ एवढंच असतं. बाकीचं शेजारच्या ताटलीत: पुदिना, तुळशीच्या जातीची वासाची पानं, मोड आलेले मूग, लाल मिरचीच्या चकत्या आणि लिंबाच्या फोडी. ते ज्याने त्याने आपापल्या जिभेप्रमाणे घालून घ्यायचं. ही तिकडची रीत, आणि मास्तरांना ती पहिल्या दिवसापासून मान्य नव्हती.

“अर्धवट शिवलेला शर्ट गिऱ्हाइकाच्या हातात देऊन वर सुई देतो का आपण?” असं त्यांचं म्हणणं.

शिंपीकाम करत होते तेव्हाही त्यांचं असंच होतं. दुकान याच गल्लीत, आज जिथे बदकं टांगलेली असतात तिथेच. सकाळी कापड द्या, संध्याकाळी नवा शर्ट घालून समुद्रावर फिरायला जा. टेप असायची ती शोभेला. माप ते नजरेने घेत. माणूस उंबऱ्यातून आत यायच्या आधी त्याची छाती, बाही, पोट मास्तरांच्या डोक्यात बसलेलं असे, आणि पोटावरून ते थेट स्वभावावर जात. एखाद्याने घट्ट पँट सांगितली तर मास्तर मान डोलवत आणि सैल शिवून ठेवत. गिऱ्हाईक कुरकुर करायला लागलं की म्हणत, “सुट्टीवर आलात ना? खाणंपिणं चालूच असेल. शेवटच्या दिवशी घालून बघा, मग बोला.” शेवटच्या दिवशी बहुतेकजण काही बोलत नसत.

मग तयार कपड्यांची दुकानं आली. तिथे गिऱ्हाइकाने स्वतःच आरशासमोर आपलं माप शोधायचं. मास्तरांच्या मशीनवर धूळ बसायला लागली आणि मावशीचे पडदे नि ॲप्रन तेवढे उरले. एक दिवस मावशीच दारात येऊन उभी राहिली. “मास्तर, पडदे संपले. आता माझ्याकडे वाडगे उचलायला ये,” ती म्हणाली. मावशी इथली भाषा बाजारात भाजीवाल्यांशी भांडून शिकली, त्यामुळे ती दाताच्या डॉक्टरांपासून देवापर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करते. मास्तरांनी मशीनवर कापड टाकलं आणि ते तिच्यामागून गेले.

पहिल्याच दिवशी त्यांनी घोळ घातला. वाडगा एकीकडे आणि पाला एकीकडे असा आतून आला तेव्हा त्यांना वाटलं, गडबडीत मावशी घालायची विसरली. बाई एकटी, किती बघणार! म्हणून त्यांनी काउंटरवरच पानं खुडून टाकली, मिरची टाकली, लिंबू पिळलं. पण उगाच टाकलं नाही. आधी पडद्याच्या फटीतून गिऱ्हाईक नीट बघून घेतलं. उन्हाने भाजून निघालेला, खांदे सोललेला एक गृहस्थ होता. त्याला मिरची कमी, पुदिना जास्त, लिंबू भरपूर. शेजारी बायको, ओठ घट्ट मिटलेली. सकाळपासून दोघांचं काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. तिला मिरची दुप्पट, म्हणजे डोळ्यांना पाणी सुटेल आणि मन मोकळं होईल. मावशी बाहेर आली, तिने ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. पण तोवर गृहस्थ दुसरा वाडगा मागत होते आणि बायको नाक पुसत हसत होती.

“योगायोग,” मावशी म्हणाली. पण तोंड बघून लिंबू पिळणारा तो माणूस कुठे आहे, असं विचारत लोक यायला लागले तेव्हा तिचाही नाइलाज झाला. अखेर तह झाला: पातेलं मावशीचं, ताटली मास्तरांची.

आता खरं बोलायचं तर मास्तरांचा अंदाज दर वेळी बरोबर येतोच असं नाही. अंगापिंडाने पहिलवान असलेल्या एका पाहुण्याला त्यांनी मूठभर मिरची घातली, आणि तो बिचारा स्टुलावर बसून हुंदके द्यायला लागला. मावशीने गोड कॉफी पाजून त्याला शांत केलं. एका बाईंना पुदिन्याच्या वासानेच मळमळत होतं. त्या वाडगा टाकून गेल्या त्या परत फिरकल्या नाहीत. अशा गोष्टी मास्तरांच्या लक्षात राहत नाहीत. बरोबर आलेले अंदाज मात्र ते तारीखवार सांगतात.

घरी तरी काय वेगळं! बायकोच्या ताटात मीठ किती वाढायचं, हे मास्तर ठरवणार. खिडकी उघडी की बंद, मास्तर ठरवणार. एकुलती एक मुलगी रांगत असताना मशीनखालची बटणं तोंडात घालायची, म्हणून तिचं नाव बटण पडलं. तेसुद्धा मास्तरांनीच ठेवलं. बटण जेवायला बसली की मास्तर अंगठा आणि दोन बोटांत लिंबाची फोड धरायचे, दुसरा हात बिया अडवायला खाली धरायचे, आणि तिच्या ताटावर डावीकडून उजवीकडे लिंबू पिळायचे, टीप मारावी तसं, सरळ रेषेत. रोज. प्रेमात काही खोट नव्हती. फक्त समोरच्याला आधी विचारायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बटण मोठी झाली. मास्तरांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, तिथे त्यांना हिशेब दिसला आणि त्यांनी तिला हिशेबाच्या वर्गात घातलं. मग त्यांना तिथे हॉटेलचा काउंटर दिसला, आणि किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरला गाठून त्यांनी तिची नोकरीही पक्की करून टाकली. गणवेशाचा कोट स्वतः शिवला, माप न घेता, आणि तो तिच्या अंगाला चपखल बसला. ज्या सकाळी कामावर रुजू व्हायचं होतं त्या सकाळी बटणने कोटाची घडी केली, पलंगावर ठेवली आणि शहराची बस पकडली. भांडण नाही, रडारड नाही. दारात एवढंच म्हणाली, “बाबा, एकदा विचारायचं तरी होतं मला.” मास्तर कितीतरी दिवस कोट उलटासुलटा करून त्यात काय चुकलं ते शोधत होते.

शहरात तिने तिची ती नोकरी शोधली, एका नकाशे छापणाऱ्या कंपनीत. अधूनमधून यायची, एखाद-दोन दिवस राहायची, आईशी बोलायची आणि बाबांशी हवापाण्याच्या गप्पा करायची. मास्तर बाहेर दाखवत नसत, पण ती परत गेली की खाणावळीतले सगळे वाडगे आंबट व्हायचे. मावशीला ते कळायचं. ती मुकाट्याने लिंबांची टोपली लपवून ठेवायची.

आणि एके सकाळी फोन आला. मास्तरीणबाई घरी हॉटेलच्या चादरींना टीप मारत होत्या. फोन ठेवून त्यांनी मशीन बंद केलं, पायात चपला सरकवल्या आणि तडक खाणावळीत येऊन मास्तरांना दाताच्या दवाखान्याच्या भिंतीशी नेलं.

“बटणचं लग्न ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

“तिनेच. आणखी कोण ठरवणार?”

मास्तरांनी फडकं या खांद्यावरून काढून त्या खांद्यावर टाकलं. “मुलगा करतो काय?”

“लिफ्ट दुरुस्त करतो.”

“म्हणजे धड कुठल्याच मजल्यावर नाही.”

“विनोद पुरे. आधी ऐका. तिच्या ऑफिसची लिफ्ट मध्येच बंद पडली आणि ही आत एकटी. मिट्ट काळोख. हा बाहेरून म्हणाला, ‘घाबरू नका, थोडा वेळ लागेल. तोवर एकच काहीतरी चालू करता येईल. दिवा हवा की पंखा?’ ती मला म्हणते, आई, मला चटकन सांगताच येईना. असं कुणी विचारलंच नव्हतं ना कधी.”

“पंखा,” मास्तर म्हणाले. “यात विचारायचं काय? कोंदट जागेत माणसाला आधी पंखा लागतो.”

“तिने दिवा मागितला,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी फडकं पुन्हा पहिल्या खांद्यावर घेतलं.

“रविवारी दुपारी येताहेत दोघं. घरी नाही, इथेच जेवणार. तिला त्याला मावशीचा फो खाऊ घालायचाय. पण तिची अट आहे. तुम्ही वाढायचं नाही, टेबलाशी बसायचं. आणि त्याच्या वाडग्याला हात लावायचा नाही. तिचे शब्द जसेच्या तसे सांगते हं. ‘बाबांनी त्याचं तोंड बघून एक थेंब जरी पिळला, तरी आम्ही तसेच उठू. लग्न तिकडेच करू आणि तुम्हाला फोटो पाठवू.’”

मास्तर हसायला गेले आणि बायकोकडे बघून थांबले. माणसाचं तोंड आपल्याला वाचता येतं असा त्यांचा दावा. हे तोंड मात्र कुणालाही वाचता आलं असतं. एकुलत्या एका मुलीचं लग्न आणि आपण ते फोटोत बघायचं!

“नाही लावणार हात,” ते म्हणाले.

“तुम्ही?”

“मी. शपथ घेऊ का?”

मास्तरीणबाईंनी मान हलवली, पण त्यांचा काडीइतका विश्वास बसला नाही. उभा संसार झाला होता या माणसाबरोबर. मीठ किती खायचं तेही अजून आपल्या हातात आलेलं नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्या घरी गेल्या आणि त्यांनी कुणाला न सांगता आपल्या परीने एक बंदोबस्त करून ठेवला. तो कसला, ते यथावकाश कळेलच.

इकडे मास्तरांनी जोरात सराव सुरू केला. वाडगा ठेवायचा, ताटली ठेवायची, हात पाठीमागे बांधायचे आणि मागे फिरायचं. गिऱ्हाइकं चक्रावली. दाताचे डॉक्टर रोज तिथेच जेवायचे; ते आपल्या वाडग्याकडे बघत राहिले आणि शेवटी हळूच म्हणाले, “मास्तर, माझं काही चुकलं का?”

“काही नाही डॉक्टर. तुमचं तुम्ही घाला.”

“मला काय घालतात ते माहीत नाही हो. तुम्हीच घालता ना नेहमी.”

मास्तरांचे हात असे शिवशिवले की त्यांना स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासावी लागली. मावशी म्हणाली, असा सराव महिनाभर चालू दे, माझी भांडी चकचकीत होतील.

रविवार उजाडला. मास्तरांनी स्वतः शिवलेला फिकट निळा शर्ट घातला, उरलेल्या केसांना तेल लावलं आणि खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसले. एवढ्या वर्षांत ते त्या खाणावळीत कधी गिऱ्हाईक म्हणून बसले नव्हते. रोज येईल त्याला “बसा, आरामात बसा” म्हणायचे. त्या स्टुलांवर आरामात बसता येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. गुडघे हनुवटीला लागत होते, आणि हातांचं काय करायचं तेच सुचत नव्हतं. खांद्यावर फडकं नसल्यामुळे त्यांना उघडंउघडं वाटत होतं.

दारात बटण दिसली. तिच्या मागे दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकलेला एक उंच, किडकिडीत तरुण. मास्तरांची नजर सवयीने कामाला लागली. छाती बेताची, हात लांब, उजवा खांदा हत्यारांची पिशवी वाहून किंचित खाली आलेला. हसणं कमी, पण खरं. अर्धी फोड लिंबू, मिरचीच्या दोन चकत्या, पुदिना जरा सढळ हाताने. एवढा हिशेब झाला आणि मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून टाकले.

“नमस्कार काका,” तो म्हणाला.

“या, बसा. आरामात…” मास्तर म्हणाले आणि पुढचा शब्द गिळला.

मावशी स्वतः वाडगे घेऊन आली. “आज मी वाढणार. आज मास्तर साहेब,” असं तिने सगळ्या खाणावळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. चौघांपुढे वाफाळते वाडगे आले, मधोमध पाल्याची ताटली आली, मावशी आत गेली, आणि मग काहीच झालं नाही.

बटण बाबांच्या हातांकडे टक लावून बघत होती. मास्तरीणबाई एकदा नवऱ्याकडे आणि एकदा होणाऱ्या जावयाकडे बघत होत्या. मास्तर भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होते. आणि तो लिफ्टवाला हात मांडीवर ठेवून, चेहऱ्यावर एक समंजस हसू ठेवून नुसता बसून होता.

“घ्या ना, सुरू करा,” मास्तर म्हणाले.

“तुम्ही आधी, काका.”

“छे छे, तुम्ही पाहुणे.”

“नाही, तुम्ही मोठे.”

मास्तरांना वाटलं, याला रीत माहीत नसेल. त्यांनी डोळ्यांनी ताटलीकडे खूण केली. त्यावर मुलाने समजल्यासारखी मान हलवली आणि आपला वाडगा दोन बोटं मास्तरांच्या बाजूला सरकवला. मास्तर दचकले. ही तर सरळसरळ परीक्षा! त्यांनी स्टूल मागे घेतलं. मुलाने वाडगा आणखी थोडा पुढे सरकवला. मास्तरांनी स्टूल आणखी मागे घेतलं, इतकं की मागच्या टेबलावरच्या बाईंना त्यांची पाठ लागली आणि त्यांना माफी मागावी लागली.

“ऑफिसात लिफ्ट नीट चालते ना आता?” मास्तरीणबाईंनी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

“चालते,” तो म्हणाला.

“वर-खाली दोन्ही?” मास्तर म्हणाले. बायकोचा पाय टेबलाखालून त्यांच्या पायावर आला.

वाफ कमी झाली. नूडल्स रस पिऊन फुगायला लागल्या. पलीकडच्या टेबलावर एक पोरगेलासा प्रवासी मिरचीच्या सगळ्या चकत्या एकदम वाडग्यात लोटत होता. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. असलं जेवण त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. चारही वाडगे तसेच, जणू लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे आणि आतले सगळे एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणताहेत.

पडदा सरकला आणि मावशी बाहेर आली. तिने वाडगे बघितले आणि तिचा पारा चढला.

“काय चाललंय? वाडग्यांना वारा घालताय का? पहाटेपासून मी त्या पातेल्यापाशी उभी आहे ती तुम्ही असं बघत बसावं म्हणून? तू रे, लांबड्या! हात नाहीत तुला? घाल की लिंबू!”

“मला… काकूंनी सांगितलंय घालायचं नाही म्हणून,” तो बिचारा चाचरत म्हणाला.

“कुणी?” बटण म्हणाली.

“काकूंनी. परवा फोन आला होता. म्हणाल्या, ताटलीला हात लावू नका, काका घालतील. त्यांना राहवणारच नाही. जे घालतील ते हसून खा आणि बटणकडे बघून ‘मीच मागितलं’ म्हणा. म्हणून मी केव्हाचा थांबलोय.”

सगळ्यांनी मास्तरीणबाईंकडे बघितलं.

“आई!”

“मग काय करू?” मास्तरीणबाई उसळून म्हणाल्या. “मला काय स्वप्न पडलं होतं, हे खरंच शब्द पाळतील म्हणून? जन्मात पहिल्यांदा पाळला, तोही नेमका आज!”

आधी मावशीला हसू फुटलं. मग बटण हसली, आणि अशी हसली की तिला टेबलावर डोकं टेकावं लागलं. कोटाची घडी घालून ती गेली त्या दिवसापासून मास्तरांनी तिचं हे हसणं ऐकलं नव्हतं. त्यांना इतकं बरं वाटलं की आपल्यावर हसताहेत हेसुद्धा ते विसरले. शेजारच्या टेबलावरचे डॉक्टरही हसत होते, काही न कळता.

मावशीने गार वाडगे उचलले आणि नवे आणून आदळले. “आता जो थांबेल त्याला बाहेर वाळूत बसवीन.”

“काका, खरंच घाला तुम्ही,” मुलगा म्हणाला. “मी मनापासून म्हणतोय.”

मास्तरांनी बटणकडे बघितलं. ती डोळे पुसत होती. “घाला बाबा. तोच म्हणतोय तर घाला.”

मास्तरांचे हात मांडीखालून बाहेर आले. किती वेळाने! अंगठा आणि दोन बोटांत त्यांनी फोड धरली, बियांसाठी दुसरा हात खाली धरला, आणि सवयीने मुलाच्या तोंडाकडे बघितलं. अर्धी फोड, दोन चकत्या, पुदिना सढळ. सगळं ठरलेलं होतं. पण फोड दाबली जाईना. त्या काळोख्या लिफ्टमधली आपली पोरगी त्यांना दिसत होती, आणि आपण बाहेर असतो तर काही न विचारता तिला पंखा लावून दिला असता, हेही दिसत होतं.

“तुम्हाला,” मास्तरांनी घसा साफ केला. “तुम्हाला आंबट कितपत चालतं?”

आत पातेल्यात फिरणारा डाव थांबला. मावशीने पडद्यातून डोकं बाहेर काढलं. त्या खाणावळीत मास्तरांच्या तोंडून हा प्रश्न कुणी कधी ऐकलेला नव्हता.

“थोडं चालतं, काका. पाचसहा थेंब. पण मिरची अजिबात नको. आणि पुदिना मला नाही आवडत.”

म्हणजे अंदाज साफ चुकला होता. मास्तरांनी पाचसहा थेंब पिळले आणि हात सवयीने पुढच्या वाडग्याकडे, बटणच्या वाडग्याकडे, गेला. तिथे तो अधांतरी थांबला.

“आणि तुला गं?”

बटणच्या हातातल्या नूडल्स उचलायच्या काड्या तशाच राहिल्या.

“मला लिंबू नको, बाबा.”

“आज नको?”

“कधीच नको. मला आंबट आवडतच नाही.”

“मग इतकी वर्षं…”

“तुम्ही पिळत होता.”

“अगं, सांगायचंस तरी!”

“तुम्ही विचारायचंत तरी,” ती म्हणाली. पण या वेळी ती दारात उभी नव्हती, समोर बसली होती, आणि हसत होती.

मास्तर बायकोकडे वळले. त्यांना विचारायचीही गरज पडली नाही. “मला मीठ थोडं जास्त लागतं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. आणि रात्री खिडकी उघडी हवी.”

जेवण सुरू झालं. फुरके मारल्याचे आवाज यायला लागले, मावशीचा जीव भांड्यात पडला आणि ती आत गेली. मास्तरांचा वाडगा मात्र तसाच होता. मुलाच्या ते लक्षात आलं.

“काका, तुमच्यात काय घालू?”

मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यांना सांगता येईना. इतकी वर्षं ते आत उभ्या उभ्या, पातेल्यात उरेल ते पिऊन बाहेर पळायचे. आपल्याला आंबट आवडतं की तिखट, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आणि समोर बघायला स्वतःचं तोंड नव्हतं.

“मलाच माहीत नाही,” ते शेवटी म्हणाले. “तुम्हीच तोंड बघून सांगा.”

मुलाने ते थट्टेवारी नेलं नाही. बिघडलेल्या मोटरकडे बघावं तसा तो बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने ताटली बटणसमोर सरकवली. “तू घाल. हे काम माझ्याच्याने होणार नाही.”

बटणने लिंबाची फोड उचलली. अंगठा आणि दोन बोटांत धरली, बिया अडवायला दुसरा हात खाली धरला, आणि बाबांच्या वाडग्यावर डावीकडून उजवीकडे, टीप मारावी तशी, सरळ रेषेत पिळली. सगळी फोड पिळली. मास्तर तिच्या बोटांकडे बघत राहिले.

त्यांनी पहिला घोट घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं.

“मिरची लागली?” मावशी आतून ओरडली.

“मिरची घातलीच नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“मग लिंबू जास्त झालं का, बाबा?” बटणने विचारलं.

मास्तरांनी मानेनेच नाही म्हटलं, शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि ताटलीतली आणखी एक फोड तिच्याकडे सरकवली.